सोलापुरात आदल्या दिवशीच झालेलं भाषण

सोलापूरला फिरायला कोण जातं, असं विचारणाऱ्यांनी खुशाल महाबळेश्वरला जाऊन कणसं खावीत. मी गेले, कारण तिथल्या एका कॉलेजात 'आफ्रिकेतील पत्रकारिता आणि एआय' असा परिसंवाद होता आणि वक्ता होती माझी पेइंग गेस्ट, अचिएंग. ही केनियातली रेडिओ बातमीदार, सध्या पुण्यात शिकते. तिच्या स्टेशनने बातम्या लिहायला एआय आणलं, तिने विरोधात तोंड उघडलं आणि नोकरी गेली. तिची तक्रार तिकडच्या लवादापुढे आहे. एआयच्या बाजूने तिचा एक शब्द सापडला तरी मालक तो नाचवणार, हे तिने मला आधीच सांगितलं होतं.

स्वारगेटहून सकाळची बस पकडा. रस्ता गुळगुळीत, टेंभुर्णीला चहा बरा. स्टँडवरून कॉलेजकडे, जुळे सोलापूरला, रिक्षावाला दीडशे म्हणतो, शंभरात येतो. जेवायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी मागा. अचिएंगने चटणी तीनदा घेतली.

कॉलेजच्या फाटकावर तिचा भलामोठा फ्लेक्स होता. म्हणजे, तिचा म्हणायचा. गळ्यात मण्यांच्या माळा, हातात भाला, मागे झोपडी आणि सिंह. फोटो मागायला संकोच वाटला म्हणून एआयकडून करून घेतला, असं प्राध्यापक अभिमानाने सांगत होते. इस्त्रीच्या शर्ट-पँटमधली अचिएंग त्या भालेवालीखाली उभी राहून म्हणाली, "माझं अर्धं भाषण इथेच झालं."

उरलेलं तिने आत इंग्रजीत केलं, मराठी मी सांगत होते. आफ्रिकेबद्दल इतरांनी लिहून ठेवलं तेच हे यंत्र शिकलं, ती म्हणाली: भूक, लढाया, सिंह. तिची लुओ भाषा त्याला धड येत नाही, मग ते ठोकून देतं. तिच्या स्टेशनवर त्याने पूल खुला असल्याची बातमी दिली, तेव्हा पुलावरून पाणी वाहत होतं. ऐकून निघालेली दोन माणसं घरी परतली नाहीत.

सभागृहात मोबाईल भरपूर, कान थोडे. फक्त करकंबचे माळीकाका, एका स्थानिक दैनिकाचे जुने वार्ताहर, मान खाली घालून वहीत लिहीत होते. प्रश्न विचारायलाही तेच उठले. "तितं बगायला कोनच गेलं न्हवतं व्हय?"

मी प्रश्न इंग्रजीत सांगितला. "कोणीच नाही," अचिएंग म्हणाली. आमच्याकडं बी तेच चालू झालंय की, म्हणत काका बसले. त्यांच्या दैनिकाने गावोगावच्या वार्ताहरांना कळवलं होतं, फोटो तेवढे पाठवा, मजकूर यंत्र करेल.

दुसऱ्या दिवशी लॉजवर चहासोबत तेच दैनिक आलं. 'एआयमुळे आफ्रिकेत सुवर्णपहाट: विदेशी तज्ज्ञांचे प्रतिपादन.' शेजारी भालेवाली. मी संपादकांना फोन लावला. निमंत्रणपत्रिकेवरून यंत्राने बातमी आदल्या दिवशीच करून ठेवली होती, पान वेळेत सोडायचं असतं, असं त्यांनी शांतपणे समजावलं. खरंच आहे. कार्यक्रमाआधीच 'मोठ्या उत्साहात संपन्न' लिहून ठेवायची आपली थोर परंपरा. यंत्र बिचारं फक्त ती पुढे नेतंय.

खुलासा छापतो म्हणाले. आम्ही पुण्यात परतल्यावर छापलाही. त्यात अचिएंगने 'झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी' व्यक्त केली होती. माणसाला एवढा निगरगट्टपणा सुचत नाही.

आठवडाभरात तिच्या स्टेशनच्या मालकाने इंटरनेटवर सापडलेलं ते पहिलं कात्रण इंग्रजी करून लवादापुढे ठेवलं. अचिएंग दिवसभर जेवली नाही. मला इतका संताप आला की मी थेट माळीकाकांनाच फोन केला.

"वही हाय की, ताई," ते म्हणाले.

पानांचे फोटो आले. मी त्यातल्या भाषणापुरतं भाषांतर करून दिलं, अचिएंगने ते लवादाला पाठवलं. निकाल यायचाय. सोलापूरची चादर तिच्या पलंगावर आहे, चटणी कधीच संपली. त्या पानांतलं एक अक्षर तिला वाचता येत नाही, म्हणून काल तिने मला ती मराठीतूनच वाचायला लावली, अर्थ नंतर सांग म्हणाली. शेवटी काकांनी लिहिलं होतं, 'पुलाचं सांगताना बाई थांबल्या. पाणी प्यायल्या. ग्लास हातातच धरून पुढं बोलल्या.'

अर्थ सांगितल्यावर तिचे डोळे भरून आले.

"हो," ती म्हणाली. "टेबलावर नुसते पुष्पगुच्छ होते. ग्लास ठेवणार कुठे?"