शेवगावच्या बसमधला खिळा

नगरच्या स्टँडवरून शेवगावची बस तासभर उशिरा सुटली. बरोबर माझी भाची सुशीला होती; वय चौदा, आणि जगाला मदत करायला कंबर कसलेली.

बस भिंगारच्या पुढे जाते न जाते तोच समोरचे म्हातारे मास्तर खिसे चाचपू लागले.

"आजोबा, चष्मा तुमच्या कपाळावरच आहे की," सुशीला खणखणीत आवाजात म्हणाली.

सगळी बस हसली. मास्तरांनी चष्मा काढून डबीत ठेवला आणि हातातलं पत्र न वाचताच घडी घालून खिशात टाकलं.

"मदतच केली ना मी?" तिने हळूच विचारलं.

"केलीस. पण त्यांचं पत्र वाचायचं राहिलं."

ती खिडकीबाहेर बघत बसली. बाहेर उघडीबोडकी रानं होती आणि दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायका.

करंजी घाट उतरल्यावर बस बंद पडली. बाप्ये उतरले आणि हॉटेलापर्यंत ढकलू लागले. सगळ्यांत पुढे एक तरुण होता, मामांबरोबर शेवगावजवळच्या एका गावी मुलगी पाहायला निघालेला. टेरिलीनची नवी पँट, फॅशनप्रमाणे घट्ट. गाडी हलली आणि पँट मागून उसवली. गलक्यात त्याला पत्ताच लागला नाही. हॉटेलच्या रांजणावर तो वाकला, तेव्हा सुशीलाने माझा दंड धरला.

"आत्या, सांगू?"

"सांग. पण आपण पाहिलंय हे त्याला कळता कामा नये."

हातातलं भजं तसंच धरून तिने बराच विचार केला. मग त्याच्याजवळ गेली. "दादा, बसच्या बाकाला खिळा आलाय. माझ्या परकराला खोंबारा पडला. तुमचंही कुठं अडकलं असेल, बघा."

त्याचा हात मागे गेला आणि चेहरा उतरला. मी पिशवीतून सुई काढली. "हिच्यासाठी ओवली होती. घ्या." दोरा पांढरा, पँट निळी, इलाज नव्हता. तो बाभळीआड गेला.

कंडक्टर हाका मारू लागला. "आत्याचा चहा व्हायचाय," सुशीला म्हणाली. तो तरुण बाभळीआडून परत येईपर्यंत मला तो पाकासारखा चहा तीन कप प्यावा लागला.

पुढे शेवगावपर्यंत मामा एकेक बाक चाचपत होते. "खिळा कुठं हाय वो?"

शेवगावात बहिणीकडे दोन दिवस शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची, झणझणीत रश्श्यात शिजवलेली वेटोळी) खाऊन आम्ही परत निघालो, तर स्टँडवर मामा एकटेच भेटले.

"जमलं बघा. मुलीचा बाप लई खूश. म्हनला, पोराला वळन हाय, वडीलधाऱ्यांकडं पाठ करीत न्हाई. दारापत्तूर उलटा चालत गेला."

मी पदर तोंडाला लावला. सुशीला गंभीरपणे म्हणाली, "चांगलं झालं, मामा."

घरी वहिनीने विचारलं, "वाटेत काही गंमत?"

"काही नाही. बस उशिरा सुटली," सुशीला म्हणाली आणि पाय धुवायला गेली.

एवढी गोष्ट चौदा वर्षांच्या पोरीने पोटात ठेवली. शिकवणारी मी, पण मला काही ते जमलं नाही, हे वाचकांना दिसतंच आहे. मुलाचं आणि गावाचं नाव तेवढं गाळलं आहे.