सलीमच्या हातातलं पॅनेल

लडाखमधल्या उंचावरच्या एका पोस्टवर आमचं सेक्शन होतं. मी हवालदार, गाव इस्लामपूरजवळ. नाईक सलीम आष्ट्याचा, बाप पत्र्याचे डबे आणि बंब करणारा. पोस्टवर मराठीत शिव्या द्यायला आम्ही दोघंच, म्हणून आमचं जमायचं.

वायरलेस सेटची बॅटरी सोलर पॅनेलवर चार्ज व्हायची. लोकांना वाटतं, ऊन आहे म्हणजे पॅनेल चालणार. तिथलं ऊन माणसाची कातडी सोलतं, ते पॅनेलला सोडतंय होय? काचेखालचा थर पिवळा पडला होता. वाळूच्या वाऱ्यानं काच धुरकट झाली होती. दिवसा तापून आणि रात्री गोठून आत बारीक तडे गेले होते. दर वर्षी चार्जिंग कमी होत चाललं होतं. नवीन पॅनेल खाली बेसवर येऊन पडलं होतं, पण बर्फानं वाट बंद होती.

पॅनेलची ड्यूटी सलीमकडे. चहाआधी तो मऊ ब्रशनं बर्फ झाडायचा, वायरच्या सुटलेल्या जोडाला बापासारखा कथलाचा डाग द्यायचा. मी चिडवायचो, "लेका, बायकोचं तोंड तरी एवढं पुसतोस का?"

"बायको रुसली तर म्हायेरी जाईल, दादा. ही रुसली तर आपुन समदे मुके."

त्या आठवड्यात ढग हटेनात. ऑर्डर होती, सेट फक्त रिपोर्टला आणि इमर्जन्सीला लावायचा. आमची गस्त बाहेर अडकली होती. एका दुपारी थोडा वेळ आभाळ उघडलं. सलीम धावत गेला, पॅनेल उन्हाकडे फिरवून आला. खोकत होता, पण खूश होता.

"घसा बसलाय, दुसरं काय न्हाई," म्हणाला.

त्यानंतर दोन दिवसांनी तो पॅनेल झाडता झाडता खाली बसला. उठेना. ओठ निळे पडले होते. नर्सिंग असिस्टंटनं ऑक्सिजन लावला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, उंचीमुळं फुफ्फुसात पाणी भरलंय.

"कवापासनं हाय हे?" मी सलीमला विचारलं.

"दोन-तीन दिस झालं."

"बोलला का न्हाईस?"

"माझ्यापायी सेट लावला असता तुमी. चार्ज लय कमी हाय. गस्तीवाल्यांना लागंल."

मी सेट लावला. "कॅज्युअल्टी वन, सीरियस. हेलिकॉप्टर चाहिए. ओव्हर."

"रॉजर. मौसम खुलते ही भेजेंगे. आउट."

सेट बंद केला तेव्हा बॅटरीत चार्ज शिल्लक होता. आभाळ मात्र उघडलं नाही. दुपारी सलीम गेला. त्याचा हात माझ्या हातात होता. गस्त सुखरूप परतली, हेलिकॉप्टर दुसऱ्या दिवशी आलं. मला अजून त्याचा राग येतो, आणि रागापेक्षा आठवण जास्त येते.

रजेवर आल्यावर आष्ट्याला गेलो. चाचा, म्हणजे त्याचे वडील, दुकानात एकटेच बसले होते. मी काहीच लपवलं नाही.

"लहानपणापासनं असाच हुता," ते म्हणाले. "आधी दुसऱ्याच्या ताटात वाढायचा." मग त्यांनी विचारलं, "हवालदार, एका माणसापायी सेट लावायला परवानगी नसती व्हय?"

"असती, चाचा," मी म्हणालो. "त्या एका माणसासाठीच तर सेट असतो."