जिल्हा उदगीरची पावती

उदगीर-जळकोट रस्त्यावर संगप्पा शेठचा वजनकाटा आहे, तिथं शिवकांता बसायची. गाडी काट्यावर चढली की खोलीतल्या डब्यावर आकडा उमटायचा, तारेतून कॉम्प्युटरात जायचा, ती बटण दाबायची, पावती निघायची. नवरा गेल्यापासून बाईचं जगणं एवढंच. त्या दुष्काळी उन्हाळ्यात तिनं बाजाराला निघालेले स्वतःचे बैलही टेम्पोसकट तोलले. डोळ्याला पाणी नाही की काही नाही. आतून पार बधिर झाली होती बिचारी. राहिली होती एक चंद्री म्हैस, ती जळकोटजवळच्या चारा छावणीत बांधलेली.

आता शेठची अक्कल बघा. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं आणि उदगीरला हूल उठली, नवा जिल्हा होणार! झालं, शेठनं पेढे वाटले. पावतीवर ‘जिल्हा उदगीर’ छापायला लातूरहून ज्ञानोबा मेकॅनिकला बोलावलं. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी! ज्ञानोबानं नाव बदललं आणि जाता जाता कॉम्प्युटरची सिस्टिमही नवी करून गेला. सांगितलं होतं कुणी, बाबा?

दुसऱ्या दिवशी व्यंकटी ड्रायव्हर छावणीचा कडबा घेऊन आला. डब्यावर आकडा लख्ख, कॉम्प्युटर ढिम्म. शिवकांतानं तार काढली, पुसली, पुन्हा खोचली. काही नाही.

“हातानं लिवून द्या की अक्का.”

“छावणीत चालत न्हाई. कॉम्प्युटरचीच लागती.”

हातच्या पावत्यांत आधी लई घोळ झाले होते, म्हणून हा नियम. कडब्याचा ट्रक काट्यावर उभा आणि तिकडं छावणीतला चारा संपलेला, चंद्रीच्या पुढ्यात काडी नाही. शिवकांता ज्ञानोबाला फोन लावत राहिली. त्यानं तो उचलला दुसऱ्या दिवशी दुपारी.

“सिस्टिमचा गाभा असतोय, कर्नेल म्हणत्यात. नवा बसलाय, त्याला काट्याची तार वळखू येईना. मशीन चालू व्हताना जुना कर्नेल निवडा.”

तिनं निवडला. आकडा आला. पावती निघाली, ट्रक गेला आणि संध्याकाळी भरलेलाच परत आला. छावणीतल्या भुजंग कारकुनानं पावती फेकली होती.

“म्हणतोय, उदगीर जिल्हा हाय कुठं? आधी हुडकून आणा,” व्यंकटी म्हणाला. मग खाली बघून पुटपुटला, “चंद्री बसली हाय, अक्का. उठंना.”

मी असते तर शेठच्या सात पिढ्या काढल्या असत्या. शिवकांतानं मात्र ज्ञानोबाला विचारून पावतीवरचं नाव पुन्हा लातूर केलं, नवी पावती काढली आणि स्वतःच ट्रकमध्ये चढली.

भुजंगनं पावती उलटसुलट बघितली, शिक्का मारला. कडबा उतरला. पहिली पेंढी उचलून ती चंद्रीकडं गेली. चंद्री आडवी पडली होती, पाय ताठ. शिवकांतानं पेंढी तिच्या तोंडाशी ठेवली आणि तशीच बसून राहिली.

थोड्या वेळानं भुजंग कागद घेऊन आला. आवाज जरा खाली आला होता त्याचा.

“अक्का, जनावर कमी झाल्याचं लिहावं लागतंय. नाव?”

“शिवकांता.”

“तालुका?”

“जळकोट.”

“जिल्हा?”

तिनं पहिल्यांदाच मान वर केली.

“तुमच्या मनाला येईल त्यो लिवा,” ती म्हणाली.