शेवटचा आकडा

यूनुसभाई सर्व्हरच्या खोलीत आले की आधी सर्व्हरच्या पेटीवर तळहात ठेवून ती तापलीय का ते बघायचे. वडिलांचं जुन्नरात मोटार वाइंडिंगचं दुकान, तिथली सवय. आमच्या रक्तपेढीचा मी व्यवस्थापक, म्हणजे सही करणारा. रक्तदात्यांची यादी खरी सांभाळायचे तेच. संगणक जरा कुरकुरला की तो संदेश ते वहीत उतरवत आणि शेजारच्या रकान्यात कारण लिहीत. भाई, कुंडली मांडताय का, अशी मी चेष्टा करायचो. ते गंभीरपणे म्हणायचे, "साहेब, एरर वाटंत आडवा पडतो, त्याला कुणीबी बघतं. वॉर्निंग बाजूला उभी ऱ्हाती. तिला आपनच इचारायचं आसतं."

गेल्या वर्षी सर्व्हरवर डेटाबेसची नवी आवृत्ती घातली आणि जुनी यादी तिच्यात ओतली. यादी आली, पण सोबत पडदाभर वॉर्निंग आल्या. सगळ्यांचा अर्थ एकच: मजकूर मावला नाही, कापून घेतला. यूनुसभाई एकेक नोंद जुन्या यादीशी ताडून बघू लागले. दोन दिवस मागत होते. रविवारी बेल्ह्याला शिबिर होतं, वरून तगादा होता, माझं डोकं फिरलेलं. यादी दिसतेय ना, मग ही कटकट बंद करा, असं मी चारचौघांत सुनावलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, वॉर्निंग बंद केली आणि ताडून बघणंही थांबवलं.

पंधरवड्याने राजुरीच्या एका बाळंतिणीला बी निगेटिव्ह रक्त तातडीने हवं होतं. पेढीत तिला चालेल अशी एकही पिशवी नव्हती. यादीत जवळचा दाता एकच, बोरी बुद्रुकचा मेंढपाळ. नंबर चांगला दहा आकडी, पण लागेना. यूनुसभाई रजेवर होते. दीड तास मी तोच नंबर फिरवत राहिलो, मधून पुण्याला फोन करत राहिलो. शेवटी त्यांना बोलावलं. ते आले, पडद्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "ह्याच्याम्होरं शून्य हाय, साहेब."

पूर्वी कुणीतरी मोबाइल नंबरांआधी शून्य लावून ठेवलं होतं. आकडे झाले अकरा; नव्या रकान्यात मावले दहा. शून्य राहिलं, शेवटचा आकडा गेला. जुन्या यादीतून पुरा नंबर काढून लावला, तर पहिल्याच रिंगला उचलला. मेंढपाळ मोटारसायकल दामटत आला. त्याच्या रक्ताची तपासणी संपायच्या आत बाई गेली. कोपरात कापूस दाबून तो बाकावर बसला होता. "फोन तर सकाळपासनं खिशातच व्हता, राव," एवढंच म्हणाला.

विश्वस्तांनी विचारलं, वॉर्निंग कुणी बंद केली? मी घसा खाकरला, तोवर यूनुसभाई बोलून गेले, "मी केली." ते खोटं नव्हतं. मी गप्प बसलो. त्याची लाज वाटते, आणि नुसती लाज वाटून काही होत नाही हेही कळतं.

कापलेला प्रत्येक नंबर पुरा करूनच त्यांनी नोकरी सोडली. आता वडिलांच्या दुकानात जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळतात. वही माझ्या टेबलावर ठेवून गेले. त्या दिवसाच्या पानावर लिहिलंय, 'वॉर्निंग बंद केली.' शेजारचा कारणाचा रकाना मोकळा आहे. माझं नाव तिथे सहज मावतं. अजून मी लिहिलेलं नाही.