देव असू दे, रांग नको

ज्या घरात पाहुण्यांची सतत ये-जा असते, तिथे दोन गोष्टी साठत जातात. गाद्या आणि किस्से. गाद्यांना निदान गच्चीवर ऊन दाखवता येतं. किस्से मात्र तसेच एकावर एक रचलेले राहतात, आणि खालचा काढायला गेलं की वरचे चार अंगावर पडतात. बालीच्या सहलीचा किस्सा सांगायचा तर तसंच होणार आहे, तेव्हा आधीच सांगितलं.

आमचं घर पंचवटीत. रामकुंड चालत जाण्याच्या अंतरावर, आणि नातेवाईकांच्या लेखी हाच आमचा सगळ्यात मोठा गुण. काळाराम करायचाय, त्र्यंबकेश्वर करायचंय, अस्थी विसर्जन करायचंय, काहीच करायचं नसेल तर ‘सहज गोदामाईचं दर्शन’ करायचंय. सगळे आमच्याकडे उतरतात. आणि चप्पल काढता काढता प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो.

“आमच्यासाठी काही विशेष करू नका हं. आम्ही काय परके? साधं पिठलं-भाकरी टाका.”

आता पिठलं-भाकरी साधी असते ती खाणाऱ्याला. भाकरी एकेक थापायची, एकेक भाजायची आणि गरम गरमच वाढायची. वरून वाढून घेताना म्हणायचं, “फार नाही, सातच माणसं आहोत.”

माझ्या सासूबाईंनी लग्न होऊन या घरात आल्यापासून हेच केलं. मी त्यांना आईच म्हणते. पाहुणा निघाला की त्याची पिशवी धरून त्याला नाक्यापर्यंत पोहोचवायला जाणं आणि रिक्षा वळेपर्यंत हात हलवत उभं राहणं, हाही त्यांचा नेम. त्या स्वतः मात्र कधी कुणाकडे राहायला गेल्या नाहीत. कशा जाणार? घरी पाहुणे असायचे ना!

* * *

ठिणगी पडली ती जळगावच्या काकांच्या फोनमुळे. हे आईंचे चुलत दीर. पाहुण्यांमधले कायमस्वरूपी.

“वहिनी, सिंहस्थ तोंडावर आलाय. आत्ताच सांगून ठेवतो, मधली खोली आमची.”

आईंनी “बरं” म्हणून फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, “हेमंत, मला कुठेतरी फिरायला ने. जिथे देव नाही अशा ठिकाणी.”

हेमंतच्या हातातलं बिस्कीट चहात पडलं. “आई, अगं देव तर चराचरात असतो.”

“असू दे. देव असू दे, रांग नको.”

* * *

मग ज्वालामुखी कुठून आला, असं सगळे विचारतात. तो टीव्हीतून आला. दुपारी भाकऱ्या आटोपून आई जरा टेकल्या होत्या आणि समोर बालीवरचा कार्यक्रम लागला होता. बाली म्हणजे समुद्रातलं एक हिरवंगार बेट, मधोमध ज्वालामुखीचे डोंगर. पहाटेच्या उजेडात एक आमच्या आईंच्याच वयाची बाई शाल पांघरून बसली होती. मागे डोंगरातून धूर निघत होता आणि बाई शांतपणे चहा पीत होती.

“मंजू, बघ,” आई मला म्हणाल्या. “तो चहा तिने केलेला नाहीये.”

मी हसले. आई हसल्या नाहीत. टीव्हीकडे बघतच म्हणाल्या, “आयुष्यभर चूल पाहिली, स्टोव्ह पाहिला, गॅस पाहिला. जिच्यावर काही शिजवायचं नाही अशी आग एकदा बघायचीय मला.”

मी तिथल्या तिथे ठरवलं की ही बाई ज्वालामुखी बघणार म्हणजे बघणार. मग सिंहस्थ असो की प्रलय.

* * *

कॉलेज रोडवरच्या एका ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो. पोरगा फार उत्साही. आमचा पत्ता विचारला, ‘पंचवटी’ ऐकलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“काकू, तुमच्यासाठी स्पेशल प्लॅन बनवतो. पहिल्या दिवशी समुद्रातलं मंदिर. दुसऱ्या दिवशी कड्यावरचं मंदिर. तिसऱ्या दिवशी तर पवित्र झऱ्यात स्नान. तिकडे घराघरात मंदिर आहे काकू. देवांचं बेटच म्हणतात त्याला!”

आईंनी सावकाश मान वळवून माझ्याकडे बघितलं. साऱ्या जगाच्या नकाशात देवांपासून लांब जायला आम्ही नेमकं हेच बेट शोधलं होतं.

“त्या झऱ्यावर रांग असते का रे बाळा?” आईंनी विचारलं.

“असते थोडी.”

“तशी माझ्या घराखाली आहे. काप ते.”

झरा कापला, कडा कापला, समुद्रातलं देऊळही कापलं. पोरगा बिचारा हवालदिल झाला. “काकू, एखादं तरी ठेवा. देवाला काय वाटेल?”

“वाटेत दिसलं तर गाडीतून नमस्कार करीन. देवाला नाही राग येत. राग नातेवाईकांना येतो.”

शेवटी पोरगा ज्वालामुखीवर आला. पहाटे जीपने वर न्यायचं, सूर्योदय दाखवायचा, आणि मग त्याने हुकमाचा पत्ता टाकल्यासारखं सांगितलं, “आणि काकू, काही जण शिखरापर्यंत चढून जातात ना, त्यांना गाईड तिथल्या गरम वाफेवर अंडी आणि केळी शिजवून देतात!”

आई एकदम सावध झाल्या. “तिथेही शिजवतात?”

“हो.”

“कोण शिजवतं?”

“गाईड. पुरुष असतो, काकू.”

“मग शिजवू दे,” आई म्हणाल्या.

* * *

आईंचा पासपोर्ट नव्हता. काढायला टाकला, तर चौकशीला हवालदार आले ते नेमके पौर्णिमेला. घरात जळगावचे, धुळ्याचे, शिवाय धुळ्याच्यांच्या शेजारचे. दारात चपलांचा ढीग, गॅलरीत ओळीने पंचे वाळत घातलेले, मधल्या खोलीत कुणीतरी घोरतंय.

“इथे राहतं कोण?” हवालदारांनी विचारलं.

आईंनी आम्हा तिघांकडे बोट दाखवलं.

“आणि हे बाकीचे?”

“दर्शनाला आलेत.”

हवालदारांनी पंच्यांकडे बघितलं, चपलांकडे बघितलं. “मावशी, लॉजचं लायसन्स आहे का?”

“नाही ना,” आई गंभीरपणे म्हणाल्या. “असतं तर भाडं नसतं का घेतलं?”

मधल्या खोलीतलं घोरणं थांबलं.

* * *

सहलीची बातमी फॅमिली ग्रुपवर गेली आणि काकांनी आघाडी उघडली. ‘सिंहस्थात घर बंद? आपल्या घराण्यात असं कधी झालं नाही. वहिनी, सिंहस्थ बारा वर्षांनी येतो!’

आईंना टाइप करायचा कंटाळा. त्यांनी फोन तोंडाशी धरून आवाज रेकॉर्ड केला. “भाऊजी, सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. तुम्ही दर महिन्याला येता.”

दोन दिवस ग्रुपवर साधं ‘शुभ सकाळ’सुद्धा आलं नाही.

मग काकांनी व्हिडिओ पाठवला. डोंगर फुटतोय, लाल लोट वाहतायत, माणसं पळतायत. खाली लिहिलेलं, ‘वहिनी, हाच तो. अजून विचार करा.’ हेमंतने शोधून काढलं की तो भलत्याच देशातला कुठला तरी जुना डोंगर होता. पण आईंनी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि आपल्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. सोबत आवाज, “बायांनो, आम्ही इथे चाललोय.”

यानंतर काकांनी शेवटचं अस्त्र काढलं. आमच्या घरच्या गुरुजींना फोन करून वहिनींना समजवायला सांगितलं. गुरुजी आले, पाटावर बसले, चहा घेतला.

आईंनीच विषय काढला. “गुरुजी, सरळ सांगा. या वयात समुद्र ओलांडू का?”

गुरुजींनी बशी खाली ठेवली. “मी कालच दुबईहून आलो. वास्तुशांत होती. खिडकीची सीट मागा.”

* * *

इथवर सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग एके संध्याकाळी काकांनी हेमंतला एकट्याला गाठलं. फोनवर काय बोलणं झालं कोण जाणे, पण जेवताना हेमंत पानाकडे बघत म्हणाला, “आई, आपण पुढच्या वर्षी गेलो तर? सिंहस्थ आटोपला की निवांत जाऊ. काका म्हणतात, लोक नावं ठेवतील.”

आई भांडणार, एखादा टोला हाणणार, असं मला वाटलं होतं. त्या नुसत्या “बरं” म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले तर त्या एकट्याच मधल्या खोलीतल्या गाद्या ओढत गच्चीवर नेत होत्या. ऊन दाखवायला.

माझं डोकंच फिरलं. पुढचं वर्ष, पुढचं वर्ष म्हणत या बाईचे गुडघे गेले, दात गेले. आता काय, डोळे जायची वाट बघायची? मी सिन्नरला एका कारखान्याच्या ऑफिसात कामाला आहे. जाताना बसमध्ये खिडकीशी बसून त्या ट्रॅव्हलवाल्या पोराला फोन लावला आणि मोहदरी घाट चढायच्या आत तिकिटं पक्की करून टाकली. दुपारी हेमंतला मेसेज केला, ‘दोन तिकिटं काढलीत. आईंचं आणि माझं. तुला यायचं तर ये, नाहीतर काकांसाठी भाकऱ्या थाप.’

घरी आले तोवर तिसरं तिकीट निघालं होतं. आणि हेमंत गच्चीवरून गाद्या खाली आणत होता.

* * *

अडचण राहिली होती ती वेगळीच. आईंना पाहुण्यासारखं बसता येत नव्हतं! हॉटेलात वेटरच्या हातून वाटी घेऊन शेजारच्या टेबलावर वाढायला उठतील, अशी मला भीती. म्हणून एका रविवारी घरातच सराव ठेवला. आईंनी टेबलाशी बसायचं, हेमंतने पोळ्या करायच्या, मी वाढायचं. काहीही झालं तरी आईंनी उठायचं नाही.

पहिली पोळी कडक झाली. आईंनी ती मुकाट्याने खाल्ली. दुसऱ्या पोळीला स्वयंपाकघरातून धूर यायला लागला. आईंनी खुर्चीच्या कडा दोन्ही हातांनी घट्ट धरल्या. डोळे मिटले. ओठ हलत होते, बहुतेक रामरक्षा चालली असावी. धूर टेबलापर्यंत आला तेव्हा त्या डोळे न उघडताच म्हणाल्या, “मंजू, पोळी जळतेय.”

“जळू दे, आई.”

थोडा वेळ गेला. मग त्यांनी खुर्चीच्या कडा सोडल्या, मागे टेकून बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच म्हणाल्या, “पाणी दे गं जरा.”

* * *

निघायचा दिवस उजाडला. बोळात खोदकाम चाललेलं, म्हणून गाडी नाक्यावर उभी. आईंनी साडीखाली नवे स्पोर्ट्स शूज घातलेले. आम्ही दाराला कुलूप लावणार, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. जळगावचे काका आणि काकू. हातात पिशव्या, खांद्यावर पंचा.

“म्हटलं, वहिनी बोलतात तेवढंच,” काका हसत हसत वर आले. “ऐन सिंहस्थात घर बंद ठेवणाऱ्यातल्या नाहीत त्या.”

हेमंतने माझ्याकडे बघितलं. मी आईंकडे. आईंचा हात सवयीने काकूंच्या पिशवीकडे गेलाच. त्यांनी पिशवी आत नेऊन ठेवली. काकूंना पाणी दिलं. झालं, आता पदर खोचणार, असं मला वाटलं.

आई बाहेर आल्या आणि किल्ली काकांच्या हातात ठेवली. “भाऊजी, मधली खोली तुमचीच आहे. गाद्यांना ऊन दाखवलंय.”

काका किल्लीकडे बघतच राहिले. “म्हणजे तुम्ही खरंच निघालात? आणि आमच्या जेवणाचं?”

“ज्वारीचं पीठ मोठ्या डब्यात. बेसन शेजारी.”

काकूंनी तोंडाला पदर लावला. मग त्यांनीच कोपराने काकांना ढोसलं, “अहो, वहिनी निघाल्यात. त्यांची बॅग घ्या की.”

काकांनी बॅग उचलली. खोदलेला बोळ, मातीचे ढिगारे, मध्ये टाकलेली फळी, हे सगळं पार करत ते पुढे आणि आई मागे, अशी वरात नाक्यावर पोहोचली. काकांनी बॅग डिकीत ठेवली, घाम पुसला आणि बाजूला उभे राहिले. गाडी सुरू झाली तसा त्यांचा हात आपोआप वर गेला आणि हलायला लागला.

आईंनी काच खाली केली.

“मंगळवारी संध्याकाळी येतो आम्ही, भाऊजी. आमच्यासाठी काही विशेष करू नका हं. आम्ही काय परके? साधं पिठलं-भाकरी टाका. फार नाही, तीनच माणसं आहोत.”