खिडकीकडे पडलेली सावली

गिऱ्हाईकं तिला पाठीमागे 'नकोबाई' म्हणत आणि तिला ते माहीत होतं. माहितीपत्रकं, बाटल्यांवरची लेबलं, दुकानांच्या पाट्या असली डिझाइनची कामं ती घरातल्या एका खोलीत, एकटीच करायची. नोकरी सोडली त्याच दिवशी तिनं कपाटाच्या दारावर एक कागद चिकटवला होता. जी वस्तू स्वतःच्या घरात आणणार नाही, तिची जाहिरात करायची नाही. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या पुसायच्या नाहीत. कामावर आपलं नाव मिरवायचं नाही. आणि सगळ्यात वर, जाड अक्षरांत: स्वतः पाहिल्याशिवाय रेघ ओढायची नाही. मधाचं लेबल करायचं म्हणून ही बाई मधमाश्यांच्या पेट्यांपाशी जाऊन गाल सुजवून आली होती. गोरं करणाऱ्या क्रीमवाल्याला तिनं चहा पाजला आणि गोड बोलून वाटेला लावलं. मोठा भाऊ चिडवायचा, "तुझी तत्त्वं आधी जेवतात, उरलंच तर तू."

वरचा नियम तिनं एकदाच मोडला. आई दवाखान्यात होती, अखेरचे दिवस होते, आणि दुसऱ्या गावातल्या एका वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक अंगावर येऊन पडलं होतं. तिथल्या व्यवस्थापकबाई फोनवर अशा बोलायच्या, की जणू जन्माची ओळख. "तुम्ही नका हो एवढ्या लांब येऊ. आईंजवळ थांबा. मी फोटो पाठवते ना." फोटो आले. लांबलचक दालन, खाटांची रांग आणि एक खिडकी. माणूस एकाही फोटोत नव्हता.

आईच्या उशाशी बसून तिनं लॅपटॉपवर एक खोली रचली. खिडकी त्यांची. भिंतीचा पिवळसर रंग तिनंच ठरवलेला. खुर्ची मात्र आईची, वेताची, गोल हातांची. तिचा फोटो फोनमध्ये होता. रिकामी खुर्ची खिडकीपाशी ठेवली आणि ती खोटी खोली अशी काही खरी वाटायला लागली, की तिला रडू फुटलं. पत्रक छापायला गेलं. त्याच आठवड्यात आई गेली.

छापील पत्रक हातात आल्यावर तिला चूक दिसली. खुर्चीचं तोंड फिरवायला तिनं फोटो उलटा केला होता आणि त्यासोबत सावलीही उलटली होती. ऊन खिडकीतून आत येतंय आणि खुर्चीची सावली खिडकीकडेच निघालीय. नवख्या माणसानंही केली नसती अशी चूक. पण कुणाच्या लक्षात आलं नाही. तिनं पत्रक खणाच्या तळाशी सारलं आणि विषय मिटवला.

दोन वर्षांनी एका सकाळी भावानं फोटो पाठवला. बाबा तोवर त्याच्याकडे राहायचे. फोटोत तीच खिडकी, तीच पिवळसर भिंत, तीच खुर्ची, आणि खुर्चीत तपकिरी स्वेटर घातलेले, हसणारे बाबा.

कुणी बाबांना माझ्या चित्रात चिकटवलं, हेच तिच्या मनात आधी आलं. तिनं फोटो मोठा केला. कापून चिकटवलेल्या माणसाच्या कडा तिच्या नजरेतून सुटत नाहीत. इथं कडा नव्हत्या. बाबांची सावली खुर्चीसकट खोलीच्या आत पडली होती, पडायला हवी तशीच. खुर्चीची आणखी एक सावली खिडकीकडे गेली होती. तिनं लगेच भावाला फोन लावला.

"दादा, हे बाबा कुठं आहेत?"

"सांगणारच होतो गं. आठवडा झाला. आम्ही दोघं दिवसभर बाहेर, बाबा घरात एकटे. पडले असते म्हणजे? खरं सांगू? आश्रमाच्या पत्रकात आईच्या खुर्चीसारखी खुर्ची दिसली आणि मी तिथल्या तिथं ठरवलं. म्हटलं, बाबांना परकं वाटणार नाही."

"जाऊन पाहिलंस?"

"सोडायला गेलो तेव्हा पाहिलं की. अगदी पत्रकातल्यासारखंच आहे."

ते पत्रक कुणी केलं हे त्याला ठाऊक नव्हतं. तिनं फोन ठेवला आणि मिळेल ती बस पकडली.

आश्रमाचं दार उघडणाऱ्या बाईंना तिनं आवाजावरून ओळखलं. तिचं नाव ऐकताच बाई हरखून गेल्या. "अगं बाई, तुम्हीच का त्या! तुमच्या पत्रकानं आमचं भलं झालं. जो येई तो विचारी, ती खोली कुठाय? शेवटी बांधूनच घेतली. रंग जुळेना म्हणून रंगाऱ्याला चारदा परत बोलावलं. खुर्ची चित्रावरून विणून घेतली." बाईंनी फरशीकडे बोट दाखवलं. "ही सावलीसुद्धा रंगवून घेतली. ती नसली की लोकांना काहीतरी चुकल्यासारखं वाटायचं."

फरशीवर करड्या रंगात तिची चूक जशीच्या तशी काढलेली होती. खुर्ची रिकामी होती. पाठीवर तपकिरी स्वेटर टाकलेला होता, तिसरं बटण तुटलेला. भिंतीवर फोटोंची रांग होती: निरनिराळे आजी-आजोबा, एकच खुर्ची, एकच स्वेटर, प्रत्येकाचं तिसरं बटण तुटलेलं. सगळे हसत होते. आणि सगळ्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले होते.

"बाबा कुठं आहेत?"

"आज त्यांची पाळी नाही. पाहुणे येणार असले की आम्ही बसवतो इथं. तुम्ही कळवलं नाहीत ना," बाई लाडानं रागावल्या.

आतल्या दालनात खाटांची रांग होती. प्रत्येक खाटेवर एकेक म्हातारं माणूस भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. भर दुपारी वीसेक माणसं होती आणि खोकल्याचाही आवाज नव्हता. तिच्या चपला वाजल्या तरी कुणी मान वळवली नाही. सातव्या खाटेवर बाबा होते.

"बाबा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःचे खांदे चाचपले. "स्वेटर कुठाय? पाहुणे आलेत ना?"

"मी आलेय, बाबा."

"हसू का मग?"

ती बाईंकडे वळली. बाबांना आत्ताच्या आत्ता नेते म्हटल्यावर बाईंचा आवाज तसाच गोड राहिला. "त्यांच्या मुलानं सही केलीय हो. तो म्हणेल तरच सोडता येईल." तिनं बाईंच्या देखत भावाला फोन लावला. तो तिच्यावर वैतागला. एका आठवड्यात कसं रमेल माणूस, असंही म्हणाला.

"दादा, ती खोली मी बनवली. इथं पाऊलही न टाकता. खुर्ची आईचीच आहे, माझ्या फोनमधली. तू माझ्या खोटेपणाला भुलून बाबांना इथं ठेवलंस."

मग तो म्हणाला, "फोन बाईंना दे. बाबांना घेऊन ये."

बाहेर पडायची वाट पिवळ्या खोलीतूनच होती. बाबा भिंतीला अंग घासत, सावलीला वळसा घालून गेले. "त्यावर पाय द्यायचा नाही," ते कुजबुजले. "रंग उडतो. मग बाई रागावतात."

आईची खरी खुर्ची आईमागे तिच्याकडे आली होती. दुसऱ्या दिवशी तिनं ती कामाच्या खोलीत खिडकीपाशी ठेवली आणि बाबांना तीत बसवलं. कामाला बसणं काही जमेना, म्हणून ती चहा करायला गेली. परत आली तेव्हा ऊन आत आलं होतं आणि बाबा दोन्ही पाय वर घेऊन, मुटकुळं करून बसले होते.

"या ना खाली, चहा झाला."

"कसा येऊ? आज ती या बाजूला आलीय."

फरशीवर खुर्चीची सावली पसरली होती, दाराच्या दिशेनं, खरीखुरी. ती खाली बसली आणि सावलीवर हात फिरवून तळवा त्यांच्यापुढे धरला. "रंग नाही हो बाबा, ऊन आहे नुसतं. पाहा, हाताला काही लागलंय का?"

बाबांनी तो हात उलटसुलट करून पाहिला. मग दाराकडे नजर टाकून हळूच म्हणाले, "पुसून टाक पटकन. बाई येतील."

तिनं ओढणीला हात पुसला, दोनदा, त्यांना दिसेल असा. तेव्हा कुठं त्यांनी एक पाय खाली ठेवला.