फुटक्या पाकळीची छाप

कापसाच्या तेजीच्या त्या वर्षांत अमरावतीच्या सराफ्यात चांदीला उसंत नव्हती. दूर अमेरिकेत लढाई पेटली होती, विलायतेला वऱ्हाडचा कापूस हवा होता, आणि पितळेच्या ताटांत जेवणाऱ्या घरांना चांदीची, त्यातही जुन्या कामाची हौस लागली होती. भांडे कोणाच्या हातचे, हे त्याच्या बुडावरच्या छापेवरून सांगण्यात माझा लौकिक होता. मी तेव्हा तिशीत होतो. त्या लौकिकावर माझे फार प्रेम होते. पन्नाशी उलटल्यावर आज मला माझ्या अपराधाचे मूळ तेथेच दिसते.

एका सकाळी एक पाटील नैवेद्याचे ताट घेऊन माझ्या दुकानी आले. एका फिरत्या व्यापाऱ्याकडून घेतलेले ते ताट त्यांनी देवीपुढे ठेवले होते आणि महिन्याभरात त्याची कड तांबूस पडली होती. मी कसोटीवर रेघ ओढली. चांदीत हीण होते, तेही थोडेथोडके नव्हे. ताट उलटे केले तर बुडाशी पाच पाकळ्यांचे फूल, आणि एका पाकळीचे टोक उडालेले.

ते फूल मी अंधारातही ओळखले असते. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या काठी राहणाऱ्या एका वृद्ध कारागिराची ती छाप. त्याचा पोलादी ठसा एकदा उंबऱ्यावर पडून टवका उडाला, तेव्हापासून त्याचे प्रत्येक फूल तसेच उठे. नक्कल करणारे पाचही पाकळ्या नीट कोरत आणि तेथेच सापडत.

देवाच्या भांड्यात हीण घालणाऱ्याचा ठसा पंचांसमोर, त्याच्याच हातोडीने मोडायचा, आणि पुढे त्याला कोणी चांदी द्यायची नाही, असा आमच्या सराफ्याचा दंडक होता. कारागिराला अकोल्याहून बोलावणे गेले. चौथ्या दिवशी माझ्याच दुकानात पंच बसले. म्हातारा आला, ठसा कनवटीला लावून, हातोडी काखेत धरून. ताट हाती घेऊन त्याने ते दोनदा फिरवले.

"छाप माहीच हाय," तो म्हणाला. "ताट माह्या हातचं नाही."

"मंग छाप का उडत आली?" पाटील म्हणाले. लोक हसले.

"हसा, पाटील, हसा. शेटजी, तुमी जाणते हा. एकडाव त्या फुलावर तोंडाची वाफ टाकून पाहा ना."

तो काय सुचवत होता, ते मला तत्काळ कळले. जुन्या अस्सल भांड्याच्या बुडाचा छापेचा तुकडा कापून कोणी दुसऱ्या भांड्यात बसवला, तर जोडाची झाळ कितीही सफाईने घासली तरी वाफ धरताच तिची रेघ उमटते. परंतु पाटील कडाडले, "देवाच्या ताटावर थोबाडाची वाफ? उष्टं करून राहिले का? हे ताट हिणाचं असलं तं असलं, पन देवीच्या नावाचं हाय!"

पंचांनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "काका, नैवेद्याच्या भांड्यावर श्वास टाकणे मला जमणार नाही. छाप तुमची आहे, हे मी आधीच सांगितले आहे."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. मात्र माझ्या पाठीमागे, हातभर अंतरावर, चुलीवर चांदी धुवायचे रिठ्याचे पाणी उकळत होते. त्या भांड्यातून वाफ वर येत होती, आणि तिने कोणाचे काही उष्टे झाले नसते. मी ती पाहिली होती. वाफेत रेघ निघाली असती तर चार दिवस साऱ्या सराफ्याला ऐकवलेला माझा निर्णय भरल्या दुकानात फिरला असता. मी मान वळवली नाही.

म्हाताऱ्याने आणखी एकदा विचारले नाही. कनवटीचा ठसा काढून त्याने ऐरणीवर आडवा ठेवला आणि हातोडी उचलली. पहिला घाव निसटला. दुसरा बसला नाही. "पोलाद चांगलं हाय," कोणाकडेही न पाहता तो पुटपुटला. तिसऱ्या घावाला फुलाकडचा तुकडा उडून माझ्या बैठकीखाली गेला.

पाटलांनी ताट आटवायला माझ्याकडेच टाकले. मी ते आटवले नाही आणि पाहिलेही नाही. तेरा दिवस ते फडक्यात राहिले. चौदाव्या दिवशी मी दुकानाचे दार ओढून घेतले आणि ताट रिठ्याच्या वाफेवर धरले. चांदी धुरकटली. फुलाभोवती रुपयाएवढे, बारीक रेघेचे वर्तुळ उमटले.

त्याच आठवड्यात मी अकोल्याला गेलो. म्हातारा अंगणात बैलांच्या पितळी घुंगरांना कड्या लावत बसला होता. मी ताट त्याच्यापुढे ठेवले. त्याने त्याच्यावर तोंडाची वाफ टाकली, वर्तुळ पाहिले आणि धोतराच्या सोग्याने पुसले.

"हे तं मले त्या दिवशीच ठाऊक होतं," तो म्हणाला. "तुमच्या चुलीवर पानी होतं, शेटजी. म्या पाह्यलं होतं."

"मीही पाहिले होते, काका."

त्याने हातातल्या घुंगरात कडी अडकवली. मग म्हणाला, "हे मले कावून सांगता? पंचाले सांगा."

मी सांगितले. त्याच दुकानात, पाटलांना बसवून, ताट माझ्या हाताने वाफेवर धरले आणि चुलीवरचे पाणी त्या दिवशीही उकळत होते, हेही लपवले नाही. पंचांनी बंदी उठवली. म्हाताऱ्याने नवा ठसा कोरवला. त्याच्या पाचही पाकळ्या शाबूत होत्या.

तो आता नाही. त्याच्या अखेरच्या वर्षांतल्या वाट्या आणि ताटे अजून माझ्याकडे येतात, आणि आणणारा हमखास म्हणतो, "शेटजी, हे नकली दिसते. खऱ्या फुलाची तं एक पाकळी फुटकी असते." हे त्यांना मीच शिकवले होते. ते भांडे त्याच्याच हातचे आहे, हे पटवायला पाचवी पाकळी शाबूत का, ते सांगावे लागते. आणि ते सांगायचे तर उकळत्या पाण्यापासून सुरुवात करावी लागते. मी गिऱ्हाइकाला बसायला सांगतो.